ताटापर्यंत ठीक, तराजूपर्यंत नको

महाभारताच्या वनपर्वात एक लहानसा प्रसंग आहे. द्यूत, वस्त्रहरण आणि कुरुक्षेत्राच्या गदारोळात तो हरवून जातो. पांडव द्वैतवनात राहताहेत, सोबत बराच लवाजमा आहे आणि एवढ्या सगळ्यांचं पोट बऱ्याच अंशी शिकारीवर चाललंय. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात. अंग थरथरतंय, कंठ दाटून आलाय. तो विचारतो, कोण तुम्ही, काय हवंय? ती सांगतात, तुझ्या भावांच्या तावडीतून उरलेली या वनातली हरणं आम्ही. आता बियाण्यापुरतीच राहिलोय. तू मुक्काम हलव, म्हणजे आम्ही पुन्हा वाढू. सकाळी धर्मराज भावांना स्वप्न सांगतो आणि सगळे काम्यकवनाची वाट धरतात.

हरणं 'आम्हाला मारू नका' असं म्हणत नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्यांची मागणी बियाणं राखण्याची आहे. युधिष्ठिरही मांस सोडायची शपथ वगैरे घेत नाही. काम्यकवनात हरणं मुबलक आहेत, म्हणून तर तो तिकडे निघतो. अहिंसेचा दाखला म्हणून हा प्रसंग कुणाच्या फारसा कामाचा नाही आणि शूर शिकाऱ्यांच्या बढायांनाही तो सोयीचा नाही. म्हणूनच शिकारीबद्दल बोलताना मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो.

शिकारीवरचा वाद बहुतेक वेळा दोन ठरलेल्या जागी अडकतो. एकीकडे 'निष्पाप जीव मारायचाच कशाला', दुसरीकडे 'माणूस पहिल्यापासून शिकारीच आहे'. दोन्ही बाजूंना आपापल्या मुद्द्याची इतकी खात्री असते की पुढे बोलणं होतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. रानातलं जनावर मारून खाणं काही अटींवर मला नैतिकदृष्ट्या मान्य आहे. ते विकणं मान्य नाही. त्या जनावराने ताटात यायला हरकत नाही, पण ते तराजूत पडायला लागलं की आपण वेगळ्याच व्यवहारात शिरतो. त्या व्यवहाराला भूक भागल्याचं कळतच नाही.

आधी काही युक्तिवाद बाजूला करतो. 'वाघसिंहही मारून खातातच की' हा त्यातला सगळ्यात पोकळ. सिंह कळप ताब्यात घेतला की आधीच्या नराचे बच्चेही मारतो. तो कित्ता गिरवायला कुणी सुचवत नाही. निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती माणसाला शोभते असं होत नाही. 'परंपरा आहे' हेही तसंच; परंपरेने चालत आलेल्या आणि सोडून दिल्या ते बरंच झालं अशा गोष्टींची यादी लांबलचक आहे. मर्दानगीच्या मुद्द्यावर मी शब्द खर्च करणार नाही. दुर्बिणीची रायफल आणि चारशे पावलांवर चरणारं हरीण यांच्यात पराक्रम नेमका कोणाचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पण समोरच्या बाजूचा एक दांभिकपणाही बोलायला हवा. शिकाऱ्याला खुनी म्हणणारे कितीतरी जण त्याच जेवणात कोंबडी खात असतात. मांसासाठी वाढवलेली कोंबडी आज साधारण पाच-सहा आठवडे जगते. तिची जात इतक्या झपाट्याने वजन धरेल अशीच निवडून घडवलेली असते की शेवटच्या दिवसांत पुष्कळ पिलांना स्वतःचा भार पायांवर पेलवत नाही. त्यापेक्षा चार-पाच वर्षं रानात चरलेलं, माजावर आलेलं, कळपात भांडलेलं हरीण एका गोळीत मेलं, तर दोघांपैकी कोणाच्या वाट्याला बरं आयुष्य आलं हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. मी मांस खातो. म्हणून 'मारणंच पाप' हा मुद्दा माझ्या तोंडी शोभणार नाही. तो शाकाहारी माणसाने मांडावा, त्याला तो अधिकार आहे.

अर्थात त्यालाही एक जण उत्तर देऊन गेलाय. त्याच वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की शेतीला तू साधुवृत्ती समजतोस, पण नांगराच्या फाळाखाली मातीतले किती जीव मरतात याचा हिशेब कर. मुद्दा बिनतोड आहे आणि आजच्या ट्रॅक्टरला तर तो जास्तच लागू पडतो. गंमत अशी की हा धर्मव्याध स्वतः मांस खात नाही आणि जनावर मारतही नाही. दुसऱ्यांनी मारलेल्या रानडुकरांचं आणि म्हशींचं मांस तो विकतो. त्याचं तत्त्वज्ञान मला पटतं. माझी तक्रार त्याच्या दुकानाबद्दल आहे.

तिकडे जाण्याआधी प्रत्यक्ष मारण्यापाशी थोडं थांबू, कारण चर्चेत हा भाग कायम धूसर राहतो. बार लागला आणि हरीण जागीच कोसळलं असं पडद्यावर दिसतं. प्रत्यक्षात ते बहुधा धावत सुटतं. मग शिकारी जिथे ते उभं होतं त्या जागी जातो, खाली वाकतो आणि रक्त बघतो. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसात लागलीय. सावज जवळपासच पडलेलं मिळेल. गडद, काळपट असेल तर यकृतात. आणि पानांवर हिरवट-तपकिरी ओल असेल, तिला दुर्गंधी असेल, तर गोळी आतड्यांत गेली. अशा वेळी जाणता शिकारी मागावर जात नाही. तो बसून राहतो, सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. लगेच पाठलाग केला तर घायाळ जनावर उठून आणखी दूर पळतं आणि कुठेतरी दाट झाडीत जाऊन मरतं, मग कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणजे नेम वीतभर चुकला, तर एक जिवंत प्राणी पोट फाटून झुडपात पडलेला असतो आणि त्याला त्या अवस्थेला पोचवणारा माणूस घड्याळाकडे बघत बसलेला असतो.

ही शक्यता मान्य करून जो बंदूक उचलतो त्याच्याशीच मला वाद घालायला आवडेल. बाकीचे नुसते चित्र बघतात. २०१५ मध्ये झिंबाब्वेतल्या ह्वांगे अभयारण्याच्या हद्दीवर सेसिल नावाच्या सिंहाला बाण मारला गेला, तेव्हा जगभर संताप उसळला. मला त्यात सर्वांत लाजिरवाणं वाटलं ते हे की पहिल्या बाणानंतर त्या सिंहाला मरायला कित्येक तास लागले. शिवाय त्याला कुणी खाणार नव्हतं. भिंतीवर मुंडकं टांगण्यासाठी केलेल्या शिकारीवर मी जास्त लिहीत नाही. तिथून येणाऱ्या पैशावर अभयारण्यं चालतात हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि काही ठिकाणी तो खराही आहे. पण तो हिशेब महसुलाचा आहे आणि मी जेवणाबद्दल बोलतोय.

न झाडलेला बार हीच शिकारीतली खरी नीती. अंतर जास्त आहे, वारा आडवा आहे, मादीमागे पाडस दिसतंय, उजेड उतरलाय, अशा वेळी बोट घोड्यावरून काढून रिकाम्या हाताने परत येणं. पांडूची गोष्ट आपण 'शाप मिळाला' एवढ्यावरच संपवतो. पण मृगरूपातला किंदम ऋषी मरताना पांडूला काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण आम्ही समागमात असताना तुला थोडं थांबता आलं नाही? विणीच्या हंगामात शिकार बंद ठेवण्याचे कायदे आज जगात बहुतेक ठिकाणी आहेत. त्यांच्या मुळाशी असलेली भावना याहून नेमकी कुणी मांडलेली मला माहीत नाही.

आता शिकाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. आम्ही मारलं नाही तर जनावरं उपाशी मरतील. हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडियर सोडले गेले. लांडगे नव्हते, माणसं टिकली नाहीत. १९६३ पर्यंत कळप सुमारे ६,००० वर गेला. बेटावरचं दगडफूल खाऊन संपलं, पाठोपाठ कडक हिवाळा आला, आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते.

तिथे बघायला कुणी नव्हतं. नेदरलँड्समध्ये होतं. ॲमस्टरडॅमजवळ समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ओस्टव्हार्डर्सप्लासन नावाचं कुंपणबंद राखीव क्षेत्र आहे. तिथे लाल हरणं, रानटी वळणाचे घोडे आणि गुरं मोकळी सोडून, माणसाने हात न लावता निसर्गाला आपलं काम करू द्यायचं असा प्रयोग होता. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथली पाच हजारांवर असलेली संख्या निम्म्याहून खाली आली. तीन हजारांहून जास्त जनावरं मेली आणि त्यातली बहुतेक वनरक्षकांनीच गोळी घालून मारली, कारण ती वसंत ऋतू गाठणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. कुंपणाबाहेर जमलेले लोक आत गवताच्या पेंढ्या फेकत होते आणि वनरक्षकांना शिव्या घालत होते. हात लावायचा नाही असं ठरवलेल्या जागी शेवटी हाडं निघालेल्या जनावरांवर हजारो गोळ्या झाडाव्या लागल्या. शरद ऋतूत, अंगावर चरबी असताना त्यातली काही मारून खाल्ली असती तर ते जास्त क्रूर झालं असतं का? मला तसं वाटत नाही.

तरी या मुद्द्यात एक गोम आहे. संख्या बेफाम वाढते ती बहुधा आपणच लांडगे, बिबटे, कोल्हे संपवल्यामुळे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम काही लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत आणि बऱ्याच राज्यांत त्यांचा नैसर्गिक शत्रूच राहिलेला नाही. आधी कुंपण जाळायचं आणि मग शेत राखायला आमच्याशिवाय आहेच कोण म्हणायचं, असा तो प्रकार. लांडगा परत येत असेल तर त्याला येऊ द्यावं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून १९२६ पर्यंत संपवलेले लांडगे १९९५ मध्ये पुन्हा आणून सोडले, आणि तेव्हा कडाडून विरोध करणाऱ्यांत पशुपालकांसोबत शिकारीही होते, कारण एल्क हरणांवर त्यांना वाटेकरी नको होता. 'संख्या आटोक्यात ठेवायला आम्ही आहोत' म्हणणाऱ्याची परीक्षा तिथे होते.

याच्या उलट टोकाला नवा उत्साही वर्ग आहे. कोंबडीची खुराडी बघून उबगलेला, 'रानचं मांस हेच खरं नैतिक मांस' असं म्हणणारा. त्याची भावना मला कळते. पण हिशेब जुळत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीनुसार पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वजनात पाळीव जनावरं सुमारे ६० टक्के, माणूस ३६ टक्के आणि रानटी सस्तन प्राणी, समुद्रातल्या देवमाशांसकट, ४ टक्के आहेत. त्यानंतरच्या अंदाजानुसार जमिनीवरच्या रानटी सस्तन प्राण्यांचं एकूण वजन दोन कोटी टनांच्या थोडं वर जातं. हत्ती, हरणं, उंदीर, सगळे धरून. माणशी तीन किलोही येत नाही, तेही हाडं-कातड्यासकट. जग दर वर्षी ३५ कोटी टनांच्या आसपास मांस खातं. म्हणजे उद्या शेवटचा ससाही मारून शिजवला तरी एक महिना निघणार नाही.

म्हणून रानचं मांस हा सगळ्यांचा हक्क होऊ शकत नाही आणि फॅशन तर मुळीच होऊ नये. आणि थोडीच असलेली गोष्ट वाटायची कशी, हा प्रश्न आला की बाजार पुढे सरसावतो.

बाजार काय करतो हे एका पक्ष्यावरून समजून घेता येतं. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे इतके मोठे असत की ते जाताना सूर्य झाकला जाई. संख्या अब्जांत होती. लोक ती शतकानुशतकं मारून खातच होते, त्याने फारसं काही बिघडलं नाही. मग आगगाडी आली, तारायंत्र आलं. थवा विणीला कुठे उतरलाय ही बातमी तारेने पोचायची आणि धंदेवाईक शिकारी पहिल्या गाडीने तिथे हजर व्हायचे. मिशिगनमधल्या पेटोस्कीजवळ १८७८ मध्ये शेवटची मोठी वीण झाली. तिथून पिंपंच्या पिंपं भरून कबुतरं शहरांकडे रवाना झाली. हा पक्षी एका विणीत एकच अंडं घालायचा. शेवटचं कबूतर, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. मारणाऱ्यांपैकी कुणी एक माणूस राक्षस नव्हता. प्रत्येकाचं पोट मात्र केव्हाच भरलेलं होतं. स्वतःसाठी मारणारा दुसऱ्या-तिसऱ्या पक्ष्यावर थांबतो, पण पिंप भरणाऱ्याला थांबायचं कारण नसतं. पिंप भरलं की दुसरं येतं.

वर एक जास्तीची अडचण आहे. गव्हाचे भाव चढले की शेतकरी जास्त गहू पेरतो. हरणाचे भाव चढले म्हणून हरीण जास्त वीत नाही. जनावर दुर्मिळ झालं की त्याचा भाव वाढतो आणि भाव वाढला की उरलेल्याचा माग काढणं परवडायला लागतं. मध्य आफ्रिकेतल्या कांगोच्या खोऱ्यात आज हेच दिसतं. लाकूडतोडीसाठी जंगलात रस्ते जातात, त्याच रस्त्यांनी मांस शहरात येतं. गावात जे मांस दुसरं काही मिळत नाही म्हणून खाल्लं जातं, तेच शहरात चैनीचं होतं. तारेचे फास एका माणसाकडून शेकड्यांनी लावले जातात. फास नर-मादी बघत नाही, पाडस बघत नाही, थांबत तर अजिबात नाही. लावणारा परत येईपर्यंत कितीतरी जनावरं त्यातच सडतात. झाडं उभी, पानं हिरवीगार, आणि आत कुणीच नाही, अशी रिकामी रानं त्यातून तयार होतात. विमानातून फोटो काढला तर सगळं छान दिसतं.

कुणी म्हणेल, न्यूझीलंडचं काय? तिथे बाजारानेच भलं केलं. बरोबर. ब्रिटनमधून शिकारीच्या हौसेसाठी नेलेल्या लाल हरणांनी तिथले डोंगर ओरबाडले. सरकारने अनेक वर्षं पगारी नेमबाज ठेवले, हरणं आटोपेनात. १९६० च्या दशकात त्यांच्या मांसाला परदेशात गिऱ्हाईक मिळालं, लोक हेलिकॉप्टरमधून शिकार करू लागले आणि थोड्याच वर्षांत डोंगर मोकळे होत गेले. पण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथे हरीण बाहेरून आलेलं होतं आणि ते कमी व्हावं हेच हवं होतं. एखादा प्राणी संपवायचा असेल तर त्याला भाव लावा, काम चोख होतं.

जर्मनीचं उदाहरण जास्त अडचणीचं आहे आणि ते टाळणं बरं नाही. तिथे रानडुकराचं, हरणाचं मांस रीतसर विकलं जातं आणि प्राणी संपलेले नाहीत. परवान्याची परीक्षा इतकी कठीण असते की लोक तिला 'हिरवी मॅट्रिक' म्हणतात. हरणं किती मारायची तो आकडा आधी ठरतो, मांस नंतर विकलं जातं. म्हणजे तिथे भाव आकडा ठरवत नाही. जिथे मोजणारा, तपासणारा आणि दंड करणारा माणूस खरोखर कामावर असतो तिथे हे जमतं, हे मला मान्य करावं लागतं. पण असं जगात किती ठिकाणी आहे? उरलेल्या ठिकाणी 'थोडी विक्री चालेल' या वाक्यातला 'थोडी' पहिल्याच वर्षी गळून पडतो. अमेरिकेने कबुतरं घालवल्यावर शहाणपण शिकून १९०० पासून रानटी प्राण्यांच्या व्यापारावर कायदे केले. आज तिथे शिकाऱ्याने मारलेलं रानचं हरीण विकता येत नाही. स्वतः खा, शेजाऱ्याला द्या, गरिबांच्या अन्नछत्राला द्या.

त्या अन्नछत्राचीही एक गोष्ट आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात दान आलेल्या हरणाच्या खिम्याची तपासणी झाली, तर त्यात शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण निघाले. शिशाची गोळी आत शिरताना फुटते आणि तिचा चुरा जखमेपासून बराच लांब पसरतो. आरोग्य खात्याने तो साठा टाकून द्यायला सांगितला. तोवर कितीतरी कुटुंबांनी तो चांगल्या मनाने दिलेला आणि चांगल्या मनाने घेतलेला खिमा खाल्ला होता. रानात टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियाचं काँडर गिधाड तर याच शिशाने मरणाच्या दारात गेलं. १९८२ मध्ये जगात २२ काँडर उरली होती. तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या चालतातही. तरी शिशावरून शिकारी संघटना भांडत बसतात, तेव्हा 'निसर्गाचे खरे राखणदार आम्हीच' हे त्यांचं वाक्य मला ऐकवत नाही.

मग नीट खाणारं कुणी आहे का? अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे इनुपियाट लोक बोहेड जातीचा देवमासा मारून खातात. ते मांस विकत नाहीत, गावात वाटतात. कुणाला कुठला भाग हे ठरलेलं असतं. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बोहेड फारच थोडे उरलेत म्हणून ही शिकार पूर्ण थांबवायचं ठरवलं. शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकतेय. देवमासे बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, तुम्ही फक्त किनाऱ्यालगतच्या मोकळ्या पाण्यातले मोजताय. शास्त्रज्ञांना ते पटेना. तेव्हा इनुपियाटांनी स्वतःच मोजणीत पैसा आणि माणसं घातली. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले गेले आणि बर्फाखालून देवमाशांचे आवाज येऊ लागले. दोन हजारांच्या आसपास धरलेली संख्या कितीतरी जास्त निघाली. २०११ च्या मोजणीत ती सतरा हजारांच्या घरात होती. शिकार कोटा ठरवून सुरू राहिली. 'आम्हाला खाऊ द्या' म्हणताना आधी मोजायला उभे राहिलेले लोक मला शिकारीच्या इतिहासात फार कमी दिसतात.

आणि तरीही. २००७ मध्ये याच लोकांनी मारलेला एक बोहेड कापताना मान आणि खांद्याच्या मधल्या हाडात धातूचा एक तुकडा सापडला. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डमध्ये बनलेल्या स्फोटक भाल्याचा होता, म्हणजे तेलासाठी आणि बायकांची कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटच्या काड्यांसाठी देवमासे मारणाऱ्या व्यापारी जहाजांच्या काळातला. तो भाला अंगात घेऊन हा प्राणी निसटला होता आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं त्याच थंड पाण्यात पोहत राहिला. वय ११५ ते १३० च्या दरम्यान असावं असा अंदाज निघाला. त्याचं मांस वाटलं गेलं. माझ्या सगळ्या अटी तिथे पाळल्या गेल्या होत्या. तुकड्याचा फोटो पाहिला तेव्हा मला त्या शिकाऱ्यांवर बोट ठेवता आलं नाही, आणि मी तिथे असतो तर माझा वाटा हात पुढे करून घेतला असता का, तेही सांगता आलं नाही.